दांडा कुणाच्या हातचा?

दिझफूल, ३ आबान १३७२

ती. यदुल्लाहदादांस,
तूबाचा सलाम, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. नदी उतरली, खजूर आटोपले. वहिनींसाठी डबा धाडला आहे. इस्फहानच्या डॉक्टरचं औषध तुमच्या डोळ्यांना लागू पडलं का ते कळवा.

डब्याखाली फडक्यात हुक्क्याचा एक दांडा आहे. शिसवी, चरकावर फिरवत पटाशीने कातलेला. बाबांचं बाजारातलं दुकान तुम्ही कापडवाल्याला देणार असं ऐकलं. देण्याआधी हा दांडा नीट पाहा. ज्या हाताने कातला, त्या हाताला ते दुकान हवं आहे. बाबा गेल्यापासून त्यांचा तिथला चरक गोणपाटाखाली पडून आहे. दांडा कसा आहे ते भीड न धरता लिहा.

लोभ आटू देऊ नका.
तुमची धाकटी,
तूबा

इस्फहान, १९ आबान

चि. तूबास,
अनेक आशीर्वाद.

खजूर पोचले आणि लगेच लपवलेही गेले. मला साखर वर्ज्य, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं.

दांडा खिडकीशी नेऊन पाहिला, मग डोळे मिटून बोटांनी पाहिला. तूबा, चाळीस वर्षं कातकाम केलं, पण असा गळा बाबांनंतर पाहिला नाही. आतलं भोक सरळ. फुंकून पाहिलं, कुठे श्वास चोरत नाही. दोष एकच. चिलमीखालचं कडं त्याने फार बारीक सोडलं आहे. गडी तापट दिसतो. कुणाचा मुलगा? कापडवाल्याला मी नाही म्हणून कळवतो. दुकान त्यालाच.

त्या पोराला माझी शाबासकी सांग. माया आहेच.
दादा

दिझफूल, २८ आबान

ती. दादांस,
सलाम, वि. वि.

शाबासकी पोचती केली, आरशासमोर उभी राहून. कुणाचा मुलगा, असं विचारलंत. मुलगा नाहीच, तुमच्याच बापाची मुलगी.

बाबांचे हात कापायला लागले तेव्हा तुम्ही तिकडे होतात. शेवटची चार वर्षं ते अंगणात खाटेवर बसून नुसतं तोंडाने कातत होते, घरच्या चरकावर मी होते. त्या वर्षांतला माल पाहून, म्हातारपणी बाबांचा हात आणखी निवळला, असं तुम्हीच म्हणाला होतात. तापट मात्र बरोबर ओळखलंत.

किल्ली धाडा. लोभ आहे तसाच राहो.
तूबा

इस्फहान, ८ आझर

चि. तूबास आशीर्वाद.

दांडा पुन्हा पाहिला. गळा जाड आहे. गाठी एका मापाच्या नाहीत. बुडाची खोबण सैल आहे. मागच्या वेळी आभाळ भरलं होतं, म्हणून दिसलं नाही. आभाळ नव्हे, माझं डोकं भरलं होतं, असं वहिनी मध्येच बोलली. तिला गप्प केलं.

बाजारात बाईमाणूस चरकावर पाय लावून बसलं तर लोक काय म्हणतील? तुझ्या लेकीचं, गोलनारचं, लग्न व्हायचं आहे. कापडवाल्याला होकार देतो आहे. किल्ली मिळणार नाही. राग धरू नकोस.
दादा

दिझफूल, १७ आझर

ती. दादांस,
सलाम. वि. वि. आज नाही, सांगणं आहे.

दांडा तुमच्याकडे आला तेव्हा त्यात एक दोष होता. तीन आठवडे तुमच्या घरी राहून चार झाले. लाकूड तेच आहे. कातलं कुणी, एवढंच तुम्हाला नव्याने कळलं. कडं बारीक आहे, मान्य. पुढचं जाड करीन, कारण ते तुम्ही डोळे मिटून सांगितलंत. बाकीचे तीन दोष मी पदरात घेत नाही.

काल दुकानाचं कुलूप तोडलं. शेजारच्या तांबटाने भावाला विचारलंस का म्हणून हटकलं. लेखी आहे म्हटलं, आणि तुमचं पहिलं पत्र वाचून दाखवलं. ते आता दारावर डकवलं आहे. शेजारी दुसरंही. गिऱ्हाइकं दोन्ही वाचतात, हसतात, मग आत येऊन दांडे हातात घेतात. गोलनारचं म्हणाल, तर सासू कातारीण म्हणून ज्याला लाज वाटेल तो जावई मलाच नको. तिलाही नको, तिला विचारून लिहिते आहे.

दांडा एवढा वाईट असेल तर परत धाडा. इथे आजच्या आज खपेल.

लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.
तूबा कातारीण

इस्फहान, दे महिन्याची २

चि. तूबास आशीर्वाद.

दुसरं पत्र दारावरून काढ. आधी काढ, मग पुढचं वाच.

पहिल्याखाली नुसतं दादा लिहिलं आहे. बाजारात दादा काय कमी आहेत? ते स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून, खाली नाव घालून, मोहोर उठवून सोबत धाडतो आहे. मुलगा, गडी, पोर हे शब्द त्यातून काढले. कड्याचा दोष ठेवला आहे, तो खरा आहे. कापडवाल्याला नाही म्हणून कळवलं. तो मला नाही नाही ते बोलला.

दांडा परत मिळणार नाही. परवाच हुक्क्याला बसवला. संध्याकाळी जुने सोबती आले होते, चौघेही कातारी. हुक्का एकदा सगळ्यांत फिरला आणि दांडा कुणाच्या हातचा असं त्यांनी विचारलं. मी जरा वेळ चहा ढवळत बसलो. मग सांगितलं, माझ्या बहिणीच्या. कुणी हसलं नाही. हसलं असतं, तर त्याचा पेला मी उचलून घेतला असता.

तुझा दादा,
उस्ताद यदुल्लाह कातारी