सुमन कोण, याचा खुलासा

फैजपूर,
ता. १४ मे १९८९

श्री. तोताराम भाऊ बोंडे, जामनेर, यांस शालिग्राम चौधरीचा नमस्कार पोचावा.

इकडे सर्व ठीक. म्हणजे केळी ठीक, तुमचे जावई निंबा ठीक, आणि माझा रक्तदाब आज सकाळी एकशेचाळीस-नव्वद. (दोन वर्षांपूर्वी मला रक्तदाब नव्हता. असेलही, पण मोजणारं घरात कुणी नव्हतं.) तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि विहीणबाई कुरडया-पापडांतून मोकळ्या झाल्या असतील असं धरून चालतो. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

भाऊ, तुम्ही मुलगी दिलीत तेव्हा ती शिकलेली आहे असं सांगितलं होतं. मी समजलो, तिचं शिकून झालेलं आहे. धुळ्याला तीन वर्षं राहून नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, पाच वर्षं दवाखान्यात नोकरी केली, यापुढं माणूस आणखी काय शिकणार? पण फेब्रुवारीत तिनं वर्तमानपत्राचं एक कात्रण माझ्यापुढं ठेवलं. मुंबईच्या एका कॉलेजात नर्सिंगची पदवी मिळते. एरवी चार वर्षं लागतात, डिप्लोमा असलेल्यांना दोनच. मी म्हटलं, चार वर्षांचं काम दोन वर्षांत करणं म्हणजे अर्धा भरलेला घड कापून रेल्वेच्या वॅगनमध्ये घालणं, दिल्लीला पोचेपर्यंत काळा पडतो. त्यावर ती म्हणाली, "आबा, पिलबागेला तुम्ही पुन्हा लागण करता का? जुन्या बुंध्याचंच पिल्लू धरता, म्हणून ती लवकर येते ना?" तीस वर्षं केळी करणाऱ्या माणसाला सुनेनं पिलबाग समजावून सांगावी आणि ती बरोबर असावी, यापरतं वाईट काही नाही. मी गप्प बसलो. माझं गप्प बसणं या घरात परवानगी धरतात.

मग तयारी सुरू झाली. ही पदवी घेतलेल्या बाईला पुढं मुलींना शिकवायचं असतं, म्हणून मुलाखतीत शिकवून दाखवावं लागतं म्हणे. शिकवायला विद्यार्थिनी हवी, ती तुमच्या विहीणबाई, म्हणजे आमची मंडळी, झाल्या. विद्यार्थिनीला रुग्ण हवा, तो मी झालो. 'रुग्ण अंथरुणात असताना चादर बदलणे' असा एक धडा आहे. तो रोज दुपारी जेवणानंतर होतो. मी जरा डोळा लावावा, तर एकीनं खांद्याला धरावं, दुसरीनं कमरेला, आणि मला भाकरीसारखं उलटवावं. चादर स्वच्छ असते, भाऊ. सकाळीच घातलेली असते. मी एकदा म्हटलं की मला उठता येतं, मी उठतो, तुम्ही बदला. तर तुमच्या विहीणबाई सुनेला म्हणाल्या, "पेशंट लय बोलते बाई. याले ताप आला का पाह्य." मग तापही पाहिला.

हे सगळं मी सोसलं. पण अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, हे काम माझं. तुम्हाला ठाऊक आहे, मी केळी बाहेर पाठवणाऱ्या फ्रूटसेल सोसायटीत अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. वॅगनच्या मागणीचा माझा एकही अर्ज कधी परत आला नाही. त्याचं तत्त्व साधं आहे: कुठलाही रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना दिसला की वरचा माणूस त्यात बोट घालतो. लिहिण्यासारखं नसेल तिथं स्वच्छ अक्षरात 'निरंक' लिहावं. मी तिचा अर्ज त्याच तत्त्वानं भरला. नाव, सौ. उज्ज्वला निंबा चौधरी. मोठे आजार, निरंक. परदेशप्रवास, निरंक. त्यापुढं एक रकाना होता, 'नावात बदल झाला असल्यास पूर्वीचे नाव'. तिथंही मी निरंक लिहिलं. कारण माझ्या मते बदल झालेलाच नव्हता. बदल करायला माणूस कचेरीत जातो. आपण लग्नात नाव ठेवतो. सोबत डिप्लोमा जोडला आणि सोसायटीच्या सवयीप्रमाणं रेशनकार्डाची खरी प्रत. (ती मागितलेली नव्हती. जास्तीचा कागद कधी नडत नाही असं मी आजवर समजत होतो.)

एप्रिलच्या शेवटी कॉलेजचं उत्तर आलं. जोडलेला डिप्लोमा सुमन नावाच्या महिलेचा आहे. सोबतच्या रेशनकार्डावरून सदर सुमन (डिप्लोम्यावरचं आडनाव माहेरचं असावं) या अर्जदाराच्या सासूबाई असून त्यांचं वय चौपन्न दिसतं. त्या वयोमर्यादेत बसत नाहीत. उज्ज्वला यांनी स्वतःचा डिप्लोमा असल्यास एकतीस मेपर्यंत पाठवावा, अन्यथा अर्ज रद्द समजावा.

तुमच्या विहीणबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्यांना आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा म्हणाल्या, "मले शाळेचं तोंड माहीत नही आन् बंबईवाल्यायनं मले नर्स केलं. वय पाहूनच नही म्हने ना? बाकी चाललं असतं ना?" आणि दिवसभर त्या खुशीत होत्या. सुनेनं मात्र अर्जाची माझ्याकडची नक्कल घेतली, निरंकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. भाऊ, ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. यंदा राहिलं तर राहिलंच, कारण ती नोकरीला आहे त्या दवाखान्याचे डॉक्टर तिला दोन वर्षांची रजा यंदाच देताहेत, पुढच्या वर्षीचं कबूल करत नाहीत. हे तिनं मला सांगितलं नाही. निंबानं सांगितलं.

मी दुसऱ्याच दिवशी यावल गाठलं. तिथं कचेरीबाहेर पुना आप्पा म्हणून अर्ज लिहून देणारे गृहस्थ बसतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नाव बदलल्याचा पुरावा काय? मी म्हटलं, मुलानं अंगठीनं ताटातल्या तांदळात नाव लिहिलं, चारशे माणसांनी पाहिलं. ते म्हणाले, ताट आणलंय का? मी म्हटलं, अहो, त्या तांदळाचा भात झाला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मग प्रतिज्ञापत्र करा. सुमन आणि उज्ज्वला एकच, असं शपथेवर सांगणारा माणूस आणा. मी निंबाला पुढं केलं. ते म्हणाले, हा उज्ज्वलाची खात्री देईल. लग्नाआधीच्या सुमनशी याची ओळख कायद्यानं धरता येत नाही, आणि असली तरी इथं बोलू नका. जन्मापासून ओळखणारा माणूस हवा.

आता जरा जुनं बोलतो. लग्नात तुम्ही म्हणाला होता की माझी मुलगी सुमनच राहील. मी म्हणालो होतो, सासूचं आणि सुनेचं नाव एक चालत नाही, हाक कुणाला मारली ते कळणार कसं? तुम्ही जेवणाच्या पंगतीतून उठायला निघाला होता. मनात काही ठेवू नये, पण तुम्ही ठेवलंत. दोन वर्षं तुम्ही पाकिटावर 'चि. सुमन चौधरी' असंच लिहिता. पोस्टमन ते या गावात सुमन चौधरी म्हणून जिला ओळखतो तिच्या हातात देतो. तिला वाचता येत नाही, म्हणून ती शेजारच्या झुंबरबाईंकडून मोठ्यानं वाचून घेते. 'सासू फटकळ दिसते, पण तू मनावर घेऊ नकोस' हा तुमचा दिवाळीचा उपदेश अशा रीतीनं तुमच्या विहीणबाईंनी ओट्यावर बसून ऐकला. (त्यांनी मनावर घेतलं नाही. त्या म्हणाल्या, माणूस खरं लिहिते.)

असो. मुलगी दोन वर्षं गेल्यावर इथं रक्तदाब कोण मोजणार, हिशेबानं गोळ्या कोण देणार, हे मी तुमच्यावर घालत नाही. शिकलेली सून करावी तर ही कटकट येते, एवढंच सांगायचं होतं. घरी सर्वांना यथायोग्य सांगावं.

आपला,
शालिग्राम

ता. क. सोमवारी, बावीस तारखेला, सकाळी अकराला यावलला या. येताना तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. बाकी सगळं पुना आप्पांनी लिहून ठेवलंय, तुम्ही फक्त सही करायची. डिप्लोमा ज्या नावाचा, पदवीही त्याच नावाची मिळेल असं ते म्हणतात. म्हणजे तुमचंच खरं झालं. मी तिथं असेन, पण ते मला बोलून दाखवू नका.

आणखी एक. काल मी घरात म्हटलं की आता कागदावर दोन सुमन होणार, हाकेचा घोटाळा होईल. तुमच्या विहीणबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माह्यं नाव या घरात घेते कोन? तुम्ही तरी कधी घेतलं का? तसंबी पडूनच हाये ते. तिले वापरू द्या." पस्तीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, भाऊ. मी हिशेब करून पाहिला. निरंक.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र. तिनं जावं असं मलाही वाटतं, एवढं तुम्ही तिला कळवा. मी स्वतः दोनदा सांगायला गेलो. "बाई, त्या अर्जाचं म्हणशील तर" एवढं म्हणेपर्यंत दोन्ही वेळा ती, मी त्यात आणखी काही लिहिलं की काय म्हणून कागदांच्या कपाटाकडं धावली.