फाटकापाशी दहा आकडे

ता. ३, सोमवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुसऱ्यांदा नापास झाले. हसून घे एकदाचं, मग पुढचं वाच.

पहिल्या वेळी निघण्याआधीच्या तपासणीत घोळ झाला, ते तुला लिहिलंच होतं. टायर, दिवे, मागचं संकटकाळचं दार, प्रत्येकाला हात लावून मोठ्यानं नाव घ्यायचं असतं, आणि मी लांबूनच बोटं दाखवत सुटले. या वेळी तो भाग घडाघडा केला. बस मागे घेतली, वळवली, एकाही खांबाला धक्का नाही. आणि रेल्वे फाटकापाशी माती खाल्ली. नियमाप्रमाणे थांबले, पंखा बंद केला, दार उघडलं, दार लावलं, निघाले. परीक्षकबाईंनी विचारलं, काय ऐकू आलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी कागदावर फुली मारली.

आता तूच सांग, फाटकाला दांडा आहे, लाल दिवा आहे, तरी दार उघडून कान द्यायचा हा काय खुळेपणा? शिकाऊ परवाना महिनाअखेर संपतोय. एकच परीक्षा उरलीय. ती गेली तर शाळेच्या बसवरची नोकरी हातची गेली, आणि मी पुन्हा त्या शिलाईच्या कारखान्यात. तिथे आता मन लागायचं नाही रे. रोज पहाटे स्वप्नात बस येते, पिवळीधमक, आणि आत शिरावं तर सगळ्या सीटांवर गवत उगवलेलं. मी ते तुडवत शेवटच्या सीटपर्यंत जाते आणि जाग येते.

फोन का उचलत नाहीस? वहिनी म्हणते कपाटात ठेवलायस. माझ्यावर रुसलास का?

लोभ असेलच, नसला तर तसं कळव.
तुझी नापास बहीण,
बारकी

ता. ७, शुक्रवार

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. बरं, थोडा हसलो. ही बोटं दाखवायची खोड तुझी जुनीच. भांडी घासायची पाळी आली की तू भांड्यांकडे बोट दाखवून पसार व्हायचीस.

फाटकाचं विचारलंस. सव्वीस वर्षं शाळेची बस घेऊन मी तिथे रोज दोनदा थांबलो. आधी मुलांना गप्प करायचं, मग पंखा, मग दार, मग आपली खिडकी, आणि मग मनात सावकाश दहा आकडे. चाळीस मुलं दहा आकडे गप्प बसली ना, की बस पाण्यावर तरंगतेय असं वाटतं. तारांची गुणगुण येते, वाळक्या गवतातला वारा येतो. त्या दहा आकड्यांसाठीच मी ती नोकरी केली म्हण ना.

आता तुझ्या वहिनीलाही सांगितलं नाही ते लिहितो. गुडघ्यांमुळे बस सोडली ही थाप आहे. गुडघे ठणठणीत आहेत. त्या वर्षी एका सकाळी दाट धुकं होतं, दिवा बंद पडलेला, दांडा वरच. मी दार उघडलं, दहा मोजले, काही आलं नाही. दार लावणार, तोच पहिल्या सीटवरची चष्मेवाली पोर कानाशी येऊन म्हणाली, काका, गाडी येतेय. मी थांबलो. धुक्यातून गाडी आली, खिडक्यांमागून खिडक्या गेल्या, आणि मला ती दिसली तेव्हा कळली. सगळ्या पोरांना ती आधीच ऐकू आली होती. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी परवाना परत केला.

फोनवर तुझा आवाज मला आता ऐकूच येत नाही. रुसलो नाही गं, लाज वाटते.

दहा मोज. बस रिकामी असली तरी मोज.

माया आहेच, ती तुझ्या बाजूनंही राहू दे.
दादा

ता. २६, बुधवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग भयंकर चिडले. दोन वर्षं मी गुडघ्यांसाठी तेलाच्या बाटल्या पाठवतेय, आणि तू गुपचूप घेतोस!

काल परीक्षा झाली. फाटकापाशी दार उघडलं आणि मोजत राहिले. दहा झाले, तरी हात दाराकडे जाईना. शेवटी परीक्षकबाईंनीच विचारलं, काय ऐकू आलं. मी सांगितलं: तारा गुणगुणताहेत, लांब कुणाच्या तरी सायकलची साखळी कुरकुरतेय, गवतात काहीतरी सरपटलं, आणि तुमच्या पेनाचं टोपण. गाडी नाही. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. जास्त थांबले म्हणून एक गुण कापला.

परत आल्यावर शेवटच्या सीटपर्यंत चालत गेले, वाकून खाली पाहिलं. गवत नव्हतं. पास झाले रे दादा!

सोमवारपासून रुजू होतेय. दर शनिवारी तुला फाटकावरचं सगळं लिहून कळवीन. तू मात्र आता वहिनीला खरं सांग.

लोभ वाढवलास तर आता परवानाधारक बहिणीवर वाढवशील.
बारकी

ता. ३०, रविवार

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, आणि शाबास!

वहिनीला सांगितलं. तिला म्हणे पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तर ती घरात मोठ्यानं बोलते. मला वाटायचं, वयानं चिडकी झाली.

तुझं ते सायकलचं आणि टोपणाचं मी खिडकीशी बसून वाचलं. मग डोळे मिटले आणि दहा मोजले. फार बरं वाटलं.

सकाळचं वेगळं लिही आणि दुपारचं वेगळं. दुपारी तिथे तारेवर एक पक्षी असायचा, तीनदा बोलायचा आणि थांबायचा. अजून बोलतो का, ऐकून कळव.

वाट पाहतो.
दादा