मामा तलावातलं जपान

१० फेब्रुवारी २००८, रविवार

जपान आपल्या नागभीडपासून फटफटीच्या अंतरावर आहे. मला आज कळलं!

झालं असं — नेट कॅफेत स्टुडिओसाठी लग्नाच्या अल्बमची डिझाइनं शोधायला बसले आणि भलत्याच पानावर जाऊन पडले. कुणी जपानी माणूस. माझ्यासारखाच नवशिका, असं इंग्रजीत लिहिलं होतं म्हणून समजलं. बाकी मजकुराच्या जागी नुसते चौकोन नि प्रश्नचिन्हं. पण फोटो! तळं, धुकं, लाल पानांची झाडं. आभाळही नीट आलेलं, आणि झाडाखालचा अंधारही उजळलेला. आपल्याकडे दोन्ही कधी एका फोटोत येत नाहीत. आभाळ सांभाळावं तर नवरदेव कोळसा होतो.

युक्ती साधी आहे. एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे — एक काळोखा, एक बरा, एक पांढराफटक. काळोख्यात आभाळ मिळतं, पांढऱ्यात सावलीतलं मिळतं. मग कॉम्प्युटर तिन्ही कालवून एक करतो.

बघता बघता हसू आलं. हे तळं तर माझ्या माहेरचं आहे, मालगुजारांच्या काळातला आमचा मामा तलाव. तेच धुकं, तीच टेकडी. लाल पानांसाठी आपलं कुसुमाचं झाड. महिनाअखेर पालवी फुटली की रक्तासारखं लाल होतं.

जाणारच.

१२ फेब्रुवारी

गेले. धनराज निघताना म्हणाला, "जाय, पन कॅमेरा पान्यात नोको पाडू. परवा लगन हाये." बायको पडली तर चालेल बहुतेक.

चिखलात ट्रायपॉडचे तीन पाय तीन गावांना चालले. शेवटी पडक्या झोपडीपाशी छपराच्या कवेलूचे तुकडे सापडले, ते पायांखाली ठेवले. जपान्याच्या पानावर हे नव्हतं!

एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे मनात घोळणार नाही. तलाव गावाच्या अलीकडे आहे, गावात शिरावं लागत नाही. बाबांशी बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे; धनराज परजातीचा. त्याच्याशी लग्न केलं आणि बाबा म्हणाले, "गेली त्या दिवशी मेली." मी काही मेले नाही. चांगली जाड झाले आहे.

बाबा रोज सकाळी याच तलावात जाळं टाकतात. आज दिसले नाहीत. बरं झालं, असं तिथे म्हटलं खरं. पण नजर सारखी काठाला बांधलेल्या त्यांच्या डोंग्याकडे, त्या लहानशा होडीकडे, जात होती.

१३ फेब्रुवारी

फोटो कालवले. म्हणजे तीनदा कालवायला घेतले, दोनदा लाइट गेली. तिसऱ्यांदा जमलं, तर फुकटच्या सॉफ्टवेअरने फोटोभर स्वतःचं नाव छापलं. आभाळ जांभळं, झाडं पोपटी, पाणी रसना सरबताच्या रंगाचं.

धनराज बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तलाव हाये का मंडप हाये?"

मला आवडला. काय करू!

१७ फेब्रुवारी

तीन फोटो घेताना मधूनच म्हैस चालली. कालवल्यावर तीन तोंडांची म्हैस तयार झाली. धनराज म्हणाला, "दूधबी तीनपट देत असन." दिवसभर आठवून हसतोय.

धडा — जे हलतं ते बिघडतं. चित्र लहान करून घेतलं की कॉम्प्युटर अडत नाही, हा दुसरा धडा. आता सगळे लहानच करते.

२० फेब्रुवारी

रंग कमी केले. आभाळ आभाळासारखं झालं! सकाळपासून गाणं म्हणते आहे.

२४ फेब्रुवारी

आपल्या स्टुडिओतला पडदा — पेंटरने काढलेला, पांढरा डोंगर, गुलाबी झाड, वाकडा लाल पूल. त्याला सगळे "जपानवाला" म्हणतात. स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो या पडद्यासमोरच हवा असतो. इथल्या निम्म्या पोरींची लग्नं जपानात ठरली आहेत म्हणायची. पण पूल आता घडीवर फाटलाय, सुतळीने शिवलाय. परवा एका नवरीच्या कानातून सुतळी निघालेली दिसत होती.

आज गुणाबाई पोरीचा फोटो काढायला आल्या. कॉम्प्युटरवर माझा तलाव उघडा होता. म्हणाल्या, "बाई, हे जपान त्या पडद्यावरल्याहून मस्त हाये. याच्यासमोर काढा ना."

गुणाबाईंचं गाव त्या तलावाच्या पलीकडच्या काठाला. त्या तिथे धुणं धुतात. मी सांगितलं नाही. कुणाचं सुख कशाला मोडा?

त्या गेल्यावर धनराज म्हणाला, "रंजीता, तुह्या तलावाचाच पडदा छापू. चंद्रपूरले फ्लेक्सवर." त्याच्या तोंडून हे ऐकून इतकं बरं वाटलं की चहात साखर दोनदा पडली. तो गुपचूप प्याला.

कुसुम अजून अर्धाच लाल आहे. आणखी आठेक दिवस.

२९ फेब्रुवारी

आज तलावावर ठमाआत्या भेटली. बाबांची बहीण. डोक्यावर सरपणाचा भारा. भारा उतरवलाच नाही, तशीच उभी राहिली.

"काऊन वो, रोज इथी येऊन काय करून राह्यली?"

म्हटलं, फोटो काढते, तलावाचा.

"तलावाचा? मानसाचा काढत नाई?" मग भारा सावरत — "तू येते त्या दिवशी तुहा बाप मुखरू जाळं टाकत नाई. घरून निंगते, कोरडंच जाळं घेऊन परत येते. इचारलं तं बोलत नाई. सांगून ठेवतो तुले, तुहं तू पाह्य."

मला वाटलं होतं माझ्या तिथे असण्याने कुणाचं काही अडत नाही. मजेत होते मी. आणि तिकडे माणूस माझं तोंड नको म्हणून हातचं काम सोडून आल्या पावली परत जातो. याच दिवसांत पाणी उतरतं, मासळी लागते. हे ढिवराच्या पोरीला कुणी सांगायला हवं होतं का?

आज एकही फोटो धड नाही.

१ मार्च

बाबांचा राग आला. मग स्वतःचा आला. मग भाजी करपली.

धनराजला सांगितलं. तो म्हणाला, "मंग नोको जाऊ. पडद्याले राहू दे जपानच." हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याचं माप त्याने कधीच भिंतीवर पेन्सिलीने आखून ठेवलंय.

ठरवलं. कुसुम पुरता लाल झाला की एकदा शेवटचं जायचं. पडद्यापुरता एक फोटो. मग तलाव बाबांचा.

५ मार्च

आज गेले. आतापर्यंतची सगळ्यात चांगली सकाळ, आणि नेमकी शेवटची.

मी नेहमीच्या काठाला, कुसुम समोरच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर. कुसुमाच्या मागून सूर्य वर येत होता. पाण्यावर पातळ धुकं. कुसुमाचा वरचा भाग पेटल्यासारखा लाल, खालचा सगळा काळाकुट्ट. वारा नाही. म्हैस नाही. बाबांचा डोंगा काठाला तसाच बांधलेला. काळोखा, बरा, पांढराफटक — तिन्ही काढले.

ट्रायपॉड बांधला. मग काय झालं कुणास ठाऊक, मोठ्याने बोलले. रिकाम्या तलावालाच. म्हटलं, "झालं माहं काम. उद्यापासून येत नाई. जाळं टाका आता."

माहेरचं बोलणं आपोआप तोंडात आलं. किती दिवसांनी. मग गाडी काढली. वाटेत डोळ्यांत चिलट गेलं, दोन्हींत.

६ मार्च

महाशिवरात्र. जत्रेची गर्दी. दिवसभर "हसा", "हनुवटी खाली". फराळाला साबुदाणा, तोही उभ्याने.

७ मार्च

पडद्याचा फोटो मोठा हवा, म्हणून लहान न करता पुऱ्या आकारात कालवायला लावला. कॉम्प्युटर गुरगुरत बसला. मी डाळ शिजवून आले, कपडे वाळत घालून आले, तरी चालूच. लाइट गेली नाही, हे नशीब.

शेवटी उघडला. धनराजने पाहिला आणि खुर्ची ओढून बसला. आभाळ आलंय, धुकं आलंय, लाल लालच आलंय. मुख्य म्हणजे झाडाखालचा अंधार उजळलाय, मुळ्या न् मुळ्या दिसतात. "तुह्यावाला जपानी पाहीन तं इथी येईन," म्हणाला. चार वर्षांत केलेलं सगळ्यात मोठं कौतुक.

खुश आहे. खोटं कशाला लिहू? बाबा आज जाळं टाकत असतील, म्हणूनही खुश आहे. उद्या फोटोची साफसफाई करायची — काड्या, डाग, प्लास्टिक. नवऱ्यामुलींचे तीळ पुसून पुसून हात बसलेला आहे.

८ मार्च

कुसुमाच्या बुंध्याशी एक ठूठ होतं, तुटक्या खोडाचं. पुसायला म्हणून मोठं करून पाहिलं. ठूठ नाही. बाबा आहेत. उकिडवे बसलेत, जाळं खांद्यावर तसंच, तोंड माझ्याकडे.

मग मागचे सगळे पांढरेफटक फोटो काढून पाहिले, मोठे करकरून. पहिल्या सकाळपासून बाबा तिथेच आहेत. लहान चित्रात कळलं नाही, दोनदा तर ठूठ समजून मीच पुसून टाकलेत. माझं तोंड नको म्हणून परत जात नव्हते. मला बघत बसत होते. बघण्यात जाळं राहून जायचं.

धनराजला दाखवलं. तो उठला. गाडीत पेट्रोल भरून आणलं.

उद्या पहाटे जाते. कॅमेरा घरी. पाळीवरून, सरळ कुसुमाखाली.