पाव, लोणी, जॅम

३ मार्च १९३०, सोमवार

बुटांच्या तळाला जाड लोकरी कापड चिकटवलं आज. सगळ्यांच्याच. बारा जोड्या, चोवीस माणसं, आणि चालताना मांजराएवढाही आवाज नाही!

बोलपट आहे ना. नट-नटी मधोमध नाचत प्रेमाचं बोलणार, आम्ही मागे नाचायचं — तेही बँडशिवाय! बँड वाजला तर त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही म्हणे. संगीत नंतर चढवणार. तोवर मनातल्या मनात मोजायचं. सहायक दिग्दर्शक मिस्टर पिकरिंग आधी पांढरा रुमाल हलवून वॉल्ट्झचा ताल देतात, एक दोन तीन, एक दोन तीन, मग रुमाल खिशात. "शांतता!" म्हणून ओरडतात तेव्हा मी कामाला जाते त्या धोबीखान्याचा भोंगाच आठवतो. मग दार बंद. खोकला आला तरी गिळायचा.

मी इथे कशी, हे मलाच कळत नाही. नाचघरात मिस्टर टॅपसेल शनिवारी दुपारी शिकवतात. स्टुडिओने तिथल्या जोड्या मागवल्या, आणि मिस्टर टॅपसेलना जोडीला उंच मुलगी लागते. उंच म्हणजे मी. शाळेत मला शिडी म्हणायचे. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, शिडी सुटली नाही.

धोबीखान्यात रजा मागायला तीनदा मालकाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी आईने चिठ्ठी लिहून दिली. सोळा वर्षांची घोडी आणि आईची चिठ्ठी!

४ मार्च, मंगळवार

दिवसभर नुसता सराव. दिवे इतके गरम की नटीचा गजरा — खरी फुलं होती — दुपारपर्यंत शिजला.

मिस्टर टॅपसेलना ऐकू येत नाही. हे फक्त मला माहीत आहे. लढाईत तोफेने दोन्ही कान नेले. नाचघरात ढोलाचा ठोका लाकडी जमिनीतून त्यांच्या पायात येतो, आणि समोरच्याचं तोंड बघून ते बोलणं ओळखतात, म्हणून कुणाला पत्ता नाही. पत्ता लागला तर बहिऱ्या नाचणाऱ्याला कोण ठेवून घेईल? पण इथे ढोल नाही, आणि पायाखाली जाड कापड. मी म्हटलं, "आता कसं करायचं?"

म्हणाले, "तू मोजतेस ना, पोरी? तुझे ओठ हलतात. मी तेच बघून नाचतो. पण एक-दोन-तीन नाही दिसत ते. काय म्हणत असतेस?"

लाज वाटली. पण सांगितलं. बाबा पावाची गाडी चालवतात. मी पाच वर्षांची असताना त्यांनी मला आपल्या पावलांवर उभी करून स्वैपाकघरात वॉल्ट्झ शिकवला, तो असा — पाव, लोणी, जॅम. पाव, लोणी, जॅम. तेच जिभेला बसलंय.

मिस्टर टॅपसेल खूप हसले. मग स्वतःच म्हणून बघितलं, "पाव, लोनी, जॅम!" गावाकडचे आहेत ते, लोणीला लोनी म्हणतात. आणि आवाज केवढा! स्वतःला ऐकू येत नाही ना. पलीकडची जोडी वळून बघायला लागली. मी त्यांच्या हाताला चिमटा काढला.

५ मार्च, बुधवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

सकाळपासून सात वेळा फसलं. एकदा नट शब्द विसरला, एकदा दिवा फुटला, एकदा छपरावरच्या कबुतराने सगळी वाट लावली. मायक्रोफोन एका पामच्या कुंडीत लपवलेला, पानांमध्ये, मिस्टर टॅपसेलच्या खांद्याएवढा उंच. आम्ही दर फेरीला त्याच्याजवळून जायचो. आठव्या वेळी सगळं जमलं. नटी फार गोड हसली. मी मोजत होते. छातीत धडधडत होतं, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मिस्टर टॅपसेलचा श्वास वरून माझ्या केसांत फुरफुरत होता. पाव, लोणी, जॅम. एकही पाऊल चुकलं नाही.

मग काचेच्या खोलीतून आवाजवाला बाहेर आला. कानावरची यंत्रं गळ्यात. म्हणाला, "कोण पुटपुटतंय? प्रेमाच्या वाक्याखाली पाव आणि लोणी चाललंय!"

सगळे खो खो हसले. मिस्टर पिकरिंग हसले नाहीत.

"कुणाला भूक लागलीय एवढी? पामजवळच्या जोड्या, पुढे या!"

तीन जोड्या पुढे गेलो. पाव आणि लोणी — माझ्याशिवाय कोण म्हणणार? मी मोठ्याने बोलले होते. मला कळलंसुद्धा नाही, पण बोलले होते. झोपेतसुद्धा मी पुटपुटते असं आई म्हणते.

पिकरिंग माझ्यासमोर आले. "तू?"

मी म्हटलं, "मी नाही."

एवढ्यावर थांबायचं होतं. ते तसेच बघत राहिले. मग माझ्या तोंडातून आलं, "ते पुटपुटतात कधीकधी. मिस्टर टॅपसेल."

मिस्टर टॅपसेल माझ्याकडेच बघत होते. माझ्या तोंडाकडे. सगळं वाचलं त्यांनी! डोळे एकदा मिटले, उघडले, आणि म्हणाले, "मीच, साहेब. माफ करा."

"कोट घ्या आणि चालू लागा. परत दिसू नका."

ते वळून निघाले. पिकरिंगनी मागून हाक मारली, "अहो! बूट आमचे आहेत!" ते चालतच राहिले. पुन्हा हाक. पुन्हा. दारापर्यंत कुणीतरी पळत जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा थांबले. आणि पिकरिंग हळूच म्हणाले, "अच्छा. ठार बहिरा आहे होय!"

सगळ्यांनी ऐकलं.

मला दुसऱ्या जोडीदाराबरोबर उभं केलं. मी नाचले. लाज नाही, नाचले!

६ मार्च

बाबांनी विचारलं, कसा झाला बोलपट. म्हटलं, छान.

९ मार्च, रविवार

धोबीखान्यातल्या बायका मला "ताराबाई" म्हणून चिडवतात. सिनेमातली तारा ना मी. "सही दे गं ताराबाई, या चादरीवर दे!" मी लाजते, त्यांना वाटतं आनंदाने.

१५ मार्च, शनिवार

नाचघरात गेले. मिस्टर टॅपसेल नाहीत. तिकीटवालीने सांगितलं, मॅनेजरच्या कानावर गेलं. त्याने सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीमागे उभं राहून टाळ्या वाजवून बघितल्या. ते आपले आरशात बघून टाय सारखा करत होते. वळलेच नाहीत. मग काय, झालं.

"बिचारा," ती म्हणाली. "तू तर त्याची जोडीदार होतीस ना? तुला माहीत नव्हतं?"

"नाही," म्हटलं.

दुसऱ्यांदा.

२२ मार्च

त्यांची गल्ली बाबांच्या फेरीत आहे. बाबा म्हणाले, "तुझा तो टॅपसेल चहाच्या दुकानात मागे बशा धुतो आता. काय झालं गं स्टुडिओत?"

"मला नाही माहीत, बाबा."

बाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग घोड्याला ओट घालायला गेले.

२९ मार्च, शनिवार

त्यांच्या दारापर्यंत गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आईने केलेल्या आलुबुखाराच्या जॅमची बरणी बरोबर घेतली होती. दार ठोठावलं — आणि मग सुचलं, त्यांना ऐकू कसं येणार? घरमालकीण येईल. तिला काय सांगू, मी कोण?

बरणी पायरीवर ठेवली आणि पळाले. अक्षरशः पळाले! एवढी मोठी शिडी गल्लीतून पळतेय, आणि कोपऱ्यावरची पोरं ओरडतायत, "आग लागली काय कुठे?"

चिठ्ठी नाही, नाव नाही. आणि ठेवलं काय, तर जॅम! आता त्यांना वाटेल मी थट्टा करते.

३१ मार्च

काल काही लिहिलं नाही. सारखं तेच. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

१२ एप्रिल, शनिवार

बाबांनी संध्याकाळी गाडीतून रिकामी बरणी काढली. स्वच्छ धुतलेली, पुसलेली, झाकणासकट.

"टॅपसेलने दिलीय. म्हणाला, तुमच्या एनिडला सांगा, जॅम फार छान होता. आणि विचारलं, पाव कधी आणणार?" बाबा हसले. "वेडाच आहे. पाव तर मी रोज टाकतो त्याच्याकडे!"

मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. मग उशी उलटी केली.

१३ एप्रिल, रविवार

गेले. आज पळाले नाही. पाव घेऊन गेले.

घरमालकीण म्हणाली, "जा वर, त्याला हाक मारून उपयोग नाही, समोर जाऊन उभी राहा." तशी उभी राहिले. ते खिडकीत बसून मोजे शिवत होते. मला बघून उठले, एकुलती खुर्ची मला दिली, स्वतः पलंगावर बसले.

मी तोंड त्यांच्याकडे करून, ओठ नीट हलवून सांगितलं. "पुटपुटले मी. आणि नाव तुमचं सांगितलं."

"माहीत आहे, पोरी."

"तुमचं नाचघर गेलं."

"माहीत आहे. मीच होतो तिथे." हसले! मला हसू येईना. मग म्हणाले, "असं बघ. पिकरिंग विचारत होता तेव्हा तुझ्या तोंडाचा रंग असा झाला होता, की मला वाटलं तू तिथेच कोसळतेस. मी तर एक शब्द बोललो नव्हतो. आळ माझा नव्हताच, त्यामुळे घ्यायला हलका वाटला. लढाईत चार वर्षं होतो, पण कुणाला वाचवल्याचं मला तरी आठवत नाही. पळालो, लपलो, कान घालवून आलो. हे एकच काय ते केलं. बशा धुताना आठवतं, बरं वाटतं."

मी पाव कापला, एवढंच केलं. लोणी त्यांच्याकडे होतं.

मी म्हटलं, बोलपट लागला की तुम्हाला घेऊन जाईन. मान हलवली. "नको. आधी पडद्यावर अक्षरं यायची, कोण काय म्हणालं ते. मी दर आठवड्याला जायचो. आता बोलायला लागलेत, अक्षरं काढून टाकली. मला नुसती माणसं तोंडं हलवताना दिसणार, तीही अर्ध्या वेळा पाठमोरी. तू जा. तू बघ आणि मला सांग, आपली पावलं दिसतात का. तेवढंच सांग."

घरी चालत आले. सव्वा महिन्यात पहिल्यांदा भूक लागली.

३ ऑगस्ट, रविवार

मिस्टर टॅपसेल आता बहुतेक रविवारी आमच्याकडे चहाला येतात. आईला नाचवलं आज स्वैपाकघरात. बाबा टेबलावर जोरजोरात हात आपटत होते, म्हणजे ठोका जमिनीतून यावा. एक कप फुटला. आई नाचतच राहिली!

मी काय केलं ते बाबांना अजून सांगितलेलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बोलपट लागला. दुपारच्या खेळाला आई-बाबांबरोबर गेले.

तोच आठवा प्रयत्न ठेवलाय, नटीच्या त्या हसण्यासाठी. वर बँड चढवलाय, पण पामजवळ आलं की बँड हळू होतो, आणि नट म्हणतो, "आता तू दुसऱ्या कुणाबरोबर नाचायचं नाही," आणि त्याच्या खाली —

"अगं!" बाबा केवढ्याने ओरडले. "हे तर माझं! पाव, लोणी, जॅम!" मागची रांग हसली.

बाईचा आवाज नाही तो. जाड, घोगरा, पुरुषाचा. आणि लोणी नाही. लोनी.

आई-बाबा निघाले. मी दुसऱ्या खेळालाही बसून राहिले. पुन्हा ऐकलं. लोनी.

त्यांना माहीत नाही. त्यांना कधी ऐकू येणार नाही.

उद्या रविवार, ते चहाला येतील. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, पाच मार्चचं सगळं. मग मी बजावलं, त्या आवाजाबद्दल बोलायचंच असेल तर पाठ फिरवून बोला.

विचारतील, पावलं दिसली का.

दिसली, म्हणेन.