उशीखालच्या लिंबाच्या गोळ्या

ताई,

आत्ता नळाचा एक थेंब बादलीत टपकला आणि पोरगी कुशीवर वळली, म्हणून श्वास रोखून लिहितेय. माझी रजा संपली. तू उठशील तेव्हा मी पहिल्या पाळीला गेलेली असेन.

तिच्या कानाखालची सूज अजून आहे. लाळेची ग्रंथी तुंबलीय; लाळ वाहती राहिली तर उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. औषध तिचं जेवण झाल्यावर दे आणि बरं वाटलं तरी थांबवू नकोस. गरम कपडा आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ. मग कानापासून तोंडाकडे हलकेच चोळ. पाणी पाजत राहा.

लिंबाची गोळी मात्र तिला समोर बसवून चघळायला लाव, आंबटाने लाळ सुटते. काल उशी झटकली तर सगळ्या गोळ्या खाली पडल्या, रुमालात बांधलेल्या. माझ्यासमोर तोंडात घालायची आणि पाठ वळली की काढून ठेवायची. सूज उतरणार कशी? तू रागावू नकोस, मीही नाही रागावले.

खरं सांगू, हे दिवस मला स्वप्नासारखे गेले. दुपारी खोलीभर वाफ, एका उशीवर दोघी, तिचा फुगलेला गाल माझ्या तळव्यात.

बघ, उठलीच. डोळे अर्धे मिटलेले, माझ्या कामाच्या पिशवीवर हात. मी गोळी पुढे केली, तिने मुकाट्याने तोंडात घातली. मग विचारलं,

"आई, गाल बरा झाला तरी तू घरी राहशील?"