बाळंतिणीची खिडकी

तीर्थपुरी, ४ डिसेंबर १९८६

पोहोचलो एकदाच्या, मी आणि माझी तान्ही लेक! मला आई नाही, म्हणून यांच्या आत्यानं, झुंबरबाईंनी, बाळंतपण अंगावर घेतलं. बाजेखाली कोळशाची शेगडी, ओव्याची धुरी, दाराला गोधडी, माझ्या डोक्याला घट्ट फडकं. पार लोणच्याची बरणी झालेय माझी! आत्याबाईंची माया मात्र खरी. डिंकाचा लाडू संपेपर्यंत समोरून हलत नाहीत.

९ डिसेंबर

डोकं रोज ठणकतंय. नर्स मालनबाई येऊन गेल्या. रक्तदाब, ताप पाहिला. जागरण, चष्मा, अशक्तपणा, सगळं विचारलं. अंगणात बोलत बसलो तेवढा वेळ डोकं हलकं होतं. कोंडलेल्या खोलीत कोळशानंही डोकं चढतं, खिडकी उघडी ठेवा, असं त्यांनी बजावलं. त्या गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, वारं शिरलं की डोकं धरतंच, लई बाळंतिणी पाह्यल्या म्या. मला हसू आलं. खिडकी मी किलकिली ठेवली.

१३ डिसेंबर

दुपारी खिडकीत एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्याला माझ्यासारखंच फडकं. गजांतून हात आत घातला होता. आत्याबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. त्यांची धाकटी जाऊ सत्यशीला याच खोलीत बाळंतीण होती. डोकं धरून निजली ती उठलीच न्हाई, म्हणाल्या. लेकरूही गेलं. मी घाबरले. मीच खिडकी लावायला सांगितली, फटींत चिंध्या कोंबून घेतल्या. आत्याबाईंनी शेगडीत कोळसे वाढवले.

१४ डिसेंबर

डोकं फुटतंय. उलट्या झाल्या. लेक दूध ओढत नाही, नुसती झोपते. गाल लालबुंद. शेक मानवला, म्हणून आत्याबाई खूश. ती हिरव्या लुगड्याची बाई खिडकीवर थापा मारतेय. आत्याबाईंना ऐकू येत नाही. माझी लेक मी देणार नाही.

१५ डिसेंबर

अक्षरं दोन-दोन दिसतात. पायांत जीव नाही. आत्याबाई शेतावर —

थापा. आज शब्द कळले. लेक मागत नाहीये ती. म्हणतेय, उघड बाई, जल्दी उघड — मालनबाईही हेच —

सरपटत आले. चिंध्या निघत नाहीत, बोटं —

थापा थांबल्या.

ती आत आलीय. माझ्या लेकीजवळ बसून रडतेय. का रडते — लेक हलत —