काठोकाठ भरलेली बाटली

सोमवार, ३० जानेवारी
कोऱ्या पाना, क्षमा असावी. शाळेत निबंधात पहिली येणे वेगळे आणि स्वतःविषयी लिहिण्याचे धाडस करणे वेगळे. परंतु अमेरिकेत, डुलुथच्या प्रयोगशाळेत येऊन दोन वर्षे झाली, आणि आज दिवसभरात मी बोलले ते फक्त बसचालकाशी — आभार मानण्यापुरते!

गुरुवार, २ फेब्रुवारी
साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीत एनएडी हा वाहक रेणू उचलतो. ते ऑक्सिजनच्या वाटेवर सोपवून रिकामा झाला, तरच पुन्हा कामाचा. मोजकेच रेणू, अखंड येरझारा.
नव्या औषधावरच्या बैठकीत सॉल्वेग — आमच्या प्राध्यापिका; येथे नावानेच हाक मारतात, मला जमत नाही — उभ्याच राहिल्या. "बघा तरी! औषध दिलेल्या पेशींत भरलेला वाहक जवळजवळ उरतच नाही. दहा तारखेला शोधनिबंध पाठवतेय!" ती मोजणी माझी. औषध न दिलेल्या पेशींची माझ्या सहकाऱ्याची, कॉर्विनची.
ज्याची चूक, त्याने डोनट आणायचे, हा येथला नियम. आज कॉर्विनने आणले. त्याच्याकडून फ्रीजर उघडा राहिला होता. मला म्हणाला, "ऋजुता, दोन वर्षांत तुझा एक डोनट मिळाला नाही! चुकत नाहीस, की आम्हाला आपलं मानत नाहीस?"
सगळे हसले. 

रविवार, ५ फेब्रुवारी
कपाट आवरताना अल्कलीची बाटली सापडली. चिठ्ठी माझ्या अक्षरात, डिसेंबरची. काठोकाठ भरलेली!
आम्लात भरलेला वाहक नष्ट होतो, अल्कलीत रिकामा. म्हणून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे, एक आम्लात, एक अल्कलीत. मी दोन्ही आम्लातच घातले.

सोमवार, ६ फेब्रुवारी
पुन्हा मोजले, दोन्ही रीतींनी. भरलेले वाहक आहेत. भरपूर आहेत. औषधाने काहीही होत नाही.

मंगळवार, ७ फेब्रुवारी
सॉल्वेग जिन्यात भेटल्या. "काय सुंदर आलेख काढलास गं! आईला फोटो पाठवलास की नाही?"
मी होकारार्थी मान हलवली. बाटलीविषयी कोणालाच ठाऊक नाही. ओझे उतरवायला जागा मिळाली नाही की वाहक तसाच अडून राहतो, आणि त्यामागचे सारे काम थांबते — हे मी परीक्षेत किती वेळा लिहिले आहे!

बुधवार, ८ फेब्रुवारी
"सॉल्वेग, आलेख चुकीचा आहे. चूक माझी. नवी मोजणी सोबत जोडली आहे. उद्याचे डोनट मी आणते."
पाठवले. ८ फेब्रुवारी, दुपारी ४ वाजून १२ मिनिटे.